एक कुंची, हाताने शिवलेली

भूगोलाच्या तासाला उत्तर ध्रुवाजवळच्या लोकजीवनाचा विषय निघाला होता. चित्रात केसाळ कातड्याचे कपडे घातलेले एक कुटुंब होते. एका विद्यार्थ्याने विचारले, "तिथे शिंपी नाही, कापडाचे दुकान नाही, मग त्यांना हातमोजे कोण शिवून देतं?" उत्तर सोपे होते : घरातली आई आणि आजी. पण त्या प्रश्नापाठोपाठ आम्ही वर्गाला दुसरा प्रश्न विचारला. "तुम्ही तान्हे असताना तुमची कुंची कोणी शिवली होती?" अर्ध्या वर्गाला कुंची म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. उरलेल्यांपैकी बहुतेकांची कुंची दुकानातून आलेली होती. दोघा-तिघांनी मात्र घरी जाऊन विचारले आणि दुसऱ्या दिवशी जुन्या ट्रंकेतून काढलेल्या कुंच्या घेऊन आले. त्या कुंच्या पाहिल्यावर आम्ही हा लेख लिहायचे ठरवले.

ध्रुवाकडचे हातमोजे

आधी विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर पुरे करू. पूर्वी पुस्तकांत ज्यांना एस्किमो म्हणत, त्यांतले कॅनडा आणि ग्रीनलंडमधले लोक स्वतःला इनुइट म्हणवतात. त्यांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ 'माणसे' असाच आहे. १ एप्रिल १९९९ रोजी कॅनडात नुनावुत नावाचा त्यांचा स्वतंत्र प्रदेश अस्तित्वात आला.

इनुइट बायका हातमोजे दोन प्रकारच्या कातड्यांचे शिवतात. कोरड्या कडाक्याच्या थंडीसाठी कॅरिबू या हरणाचे कातडे, कारण त्याचा केस आतून पोकळ असतो आणि त्यात हवा कोंडून राहते. ओल्या कामासाठी सीलचे कातडे, कारण ते पाण्याला दाद देत नाही. कातडे कापायला कात्री नसते. 'उलू' नावाची अर्धचंद्राच्या पात्याची सुरी असते. दोरा पूर्वी जनावराच्या स्नायूच्या तंतूंचा असे. हा तंतू ओला झाला की फुगतो आणि सुईने पडलेले भोक आपोआप बुजते. जिथे पाणी आत यायला नको तिथे सुई कातड्याच्या आरपार जाऊच देत नाहीत. अर्ध्या जाडीत टाका घेतात, मग उलट बाजूने दुसरी ओळ घालतात. सुई आणि बोट यांच्यामध्ये कातड्याचाच अंगुस्ताना असतो.

त्यांच्या या मोज्यांना पाच बोटे नसतात. एक अंगठा आणि बाकी चार बोटांना मिळून एकच खोळ. बोटे एकमेकांना चिकटून राहिली की एकमेकांची ऊब घेतात, वेगळी केली की प्रत्येक बोट एकटे गारठते. बर्फातल्या शिकाऱ्याच्या मोज्याची एक शिवण उसवली तर बोट गमवावे लागते. म्हणून तिथे शिवण येणे ही हौस नव्हती, ती जगण्याची गरज होती. मुली शिकत त्या आईचे हात पाहून, आणि पहिला सराव करत बाहुलीच्या कपड्यांवर. मापाला टेप नसे, हाताची वीत आणि बोटे हेच माप.

हे वाचून आपल्या आज्यांना हसू येईल. कारण शेवटची तीन वाक्ये त्यांच्याबद्दलही तशीच्या तशी लिहिता येतात.

आपला बाळंतविडा

आपल्याकडे बाळ येणार म्हटले की आजोळी बाळंतविड्याची तयारी सुरू होई. झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, कुंची आणि पाळण्यात घालायची लहान गोधडी. यातले झबले आपल्या गुजराती शेजाऱ्यांकडे 'झभलुं' होते आणि गोधडी 'गोदडी' होते. बाळाला ऊब सगळ्यांनाच लागते, त्यामुळे शब्दही शेजारी-शेजारीच नांदले.

घरात जन्मलेल्या बाळाच्या अंगाला पहिल्यांदा नवे कापड लावत नसत. आजीचे धुऊन धुऊन मऊ झालेले लुगडे किंवा आजोबांचे धोतर फाडून त्याची झबली-दुपटी करत. त्यामागे श्रद्धा होती तशी सोयही होती. नव्या कापडाला खळ असते, ती नाजूक कातडीला बोचते. शंभर वेळा धुतलेले सुती कापड बोचत नाही, घाम शोषते आणि लवकर वाळते. बारशाला मात्र खणाची कुंची. खण म्हणजे कर्नाटकातल्या गुळेदगुड्ड भागात विणले जाणारे चोळीचे काठाचे कापड. दिसायला देखणे, पण किनार आतून खरखरीत. म्हणून खणाच्या कुंचीला मऊ अस्तर हवेच.

कुंची ही डोक्यावर घालायची टोपी आणि पाठीवर सोडलेला शेला, असे दोन्ही एकात असते. पावसात शेतकरी पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून डोक्यावर खोळ घेतो, तिचाच हा धाकटा, गोजिरवाणा अवतार. डोके, कान, मान आणि पाठ एकाच कापडाने झाकली जातात.

ऊब ही चैन नव्हे

कोणी म्हणेल, ही सारी हौसमौज झाली. तसे नाही. नवजात बाळाचे डोके त्याच्या अंगाच्या मानाने मोठे असते आणि उघड्या डोक्यावाटे त्याच्या अंगातली उष्णता झपाट्याने जाते. कमी वजनाच्या बाळाला तर गारठणे जिवावर बेतते.

महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. बाळाला कोरडे करणे, उबदार ठेवणे, लवकर अंगावर पाजणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून उपचार करणे, असा तो पाठ होता. ३९ गावांतल्या या कामाचा अहवाल १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. कार्यक्रमाच्या तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. हे श्रेय एकट्या उबेचे नाही, सगळ्या उपायांचे मिळून आहे. पण बाळाला कोरडे आणि उबदार ठेवणे हा त्यातला एक पाया होता, आणि त्याला यंत्र लागत नाही. स्वच्छ, मऊ कापड आणि जाणते हात लागतात.

चला, कुंची शिवू या

कुंचीच्या पद्धती घरागणिक वेगळ्या. आम्ही शनिवारच्या शिवणवर्गात मुलामुलींना शिकवली ती सगळ्यांत सोपी. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला ती पुरते.

साहित्य : वरच्यासाठी एक आणि अस्तरासाठी एक असे मऊ सुती कापडाचे दोन तुकडे, प्रत्येकी १६ इंच रुंद व २१ इंच लांब, बारीक सुई, सुती दोरा, कात्री, टाचण्या, अंगुस्ताना आणि बंदांसाठी थोडे कापड.

पहिली गोष्ट, कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. आमची पहिली कुंची इथेच फसली. वरचे कापड नवे खादीचे, अस्तर जुन्या धोतराचे. शिवून झाली तेव्हा देखणी होती. पहिल्या धुण्यात खादी आटली, धोतर आटले नाही, आणि अस्तर बाहेर लोंबू लागले. सगळी उसवून पुन्हा शिवावी लागली. कापड आटायचे तेवढे कापण्याआधीच आटू द्यावे.

दुसरी गोष्ट दोऱ्याची. दोरा बोटांच्या टोकापासून कोपराच्या थोडा पुढे जाईल इतकाच घ्या. पुन्हापुन्हा ओवायचा कंटाळा म्हणून लांबच लांब दोरा घेतला की तो गुंततो, आणि ओवण्यात वाचलेला वेळ गाठी सोडवण्यात जातो. दोरा तिरका कापून टोक ओले केले की नेढ्यातून सहज जातो.

आता शिवण.

१. दोन्ही तुकड्यांच्या सुलट बाजू एकमेकींसमोर आणून टाचण्या लावा. चारी बाजूंनी काठापासून अर्धा इंच आत बारीक धावदोरा घाला, इंचाला सहा-आठ टाके. दर तीन-चार इंचांवर एक उलटा टाका घेतला की शिवण सरकत नाही. खालच्या बाजूला तीन इंच जागा मोकळी सोडा.

२. कोपऱ्यांवरचे जादा कापड तिरके कापा, मात्र टाक्याला कात्री लागू देऊ नका. मोकळ्या जागेतून कापड उलटवा, कोपरे बोटाने नीट बाहेर काढा आणि इस्त्री करा. आता तुमच्या हातात १५ इंच रुंद व २० इंच लांब असा दुहेरी तुकडा आहे. सोडलेली जागा बारीक हातशिलाईने बंद करा.

३. हा तुकडा अस्तर आत ठेवून उभा मधोमध दुमडा. रुंदी साडेसात इंच होईल. वरचे दोन काठ एकमेकांना लावून, काठावरून वळसे घेत, जवळजवळ टाक्यांनी जोडा. दुमडीची बाजू मागे आणि मोकळी बाजू पुढे. डोक्यावर ठेवून पाहिलेत तर पोत्याची खोळ ओळखू येईल.

४. मागे जो टोकदार कोपरा आला तो सपाट करा, म्हणजे वरची शिवण आणि मागची दुमड एकावर एक येतील. टोकापासून दीड इंचावर आडवी शिवण घाला. टोक खाली वळवून चार टाक्यांनी पक्के करा. टोपीला आता डोक्यासारखी गोलाई आली.

५. वरच्या शिवणीपासून सात इंच खाली मानेची रेघ आखा. त्या रेघेवर दुहेरी दोऱ्याने मोठा धावदोरा घाला आणि ओढा. १५ इंचांचे साधारण ९ इंच होईपर्यंत चुण्या पाडा, चुण्या मानेमागे जास्त आणि पुढे कमी. त्यावर आतून पाऊण इंचाची मऊ पट्टी लावा, म्हणजे चुण्या हलणार नाहीत.

६. पट्टीच्या दोन्ही टोकांना सहा-सहा इंचांचे चपटे, मऊ बंद उलटटिपेने घट्ट शिवा. बंद यापेक्षा लांब नकोत.

झाली कुंची. नवख्या हाताला तीन शनिवार लागतात, सरावलेल्या हाताला एक दुपार.

चार खबरदारीच्या गोष्टी

आज्यांच्या काळी कुंचीला मणी, घुंगरू, टिकल्या लावत. आता लावू नयेत. सैल झालेला मणी बाळाच्या तोंडात जातो. कुंची आहे ती मांडीवर घेताना, बाहेर नेताना, बारशाला. बाळाला झोपवताना ती काढून ठेवा, कारण सैल कापड नाकातोंडावर येऊ शकते आणि बंद मानेला काचू शकतो. जन्मल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत डोके कसे झाकावे, ते डॉक्टर किंवा परिचारिका सांगतील तसेच करावे.

वर्गात काही जणींनी ध्रुवाकडच्या मोज्यांवरून बाळाचे हातमोजेही शिवायला घेतले. तीन इंच रुंद, चार इंच लांब अशी साधी खोळ, तान्ह्या बाळाला अंगठ्याचीही गरज नाही. पण एक नियम कडक : शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायची. मोज्याच्या आत सुटलेला एक धागा बाळाच्या इवल्या बोटाला गुंडाळला गेला तर रक्त थांबते, आणि बाळ का रडते ते कोणाला कळत नाही. म्हणून प्रत्येक मोजा उलटून, आत बोट फिरवून तपासायचा. मनगटाचे इलॅस्टिक सैल हवे. आणि बाळाला दिवसभर मोजे घालून ठेवू नका. हात मोकळे असले तरच ते जगाची ओळख करून घेते.

पडावावरची परीक्षा

दिवाळीच्या सुमारास आपल्या भागात ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो. डांग, नंदुरबार, धुळे इकडून कुटुंबेच्या कुटुंबे येतात आणि शेताकडेला पडाव टाकून राहतात. एक कोयता म्हणजे एक जोडी. तो तोडतो, ती मोळ्या बांधते. पौषातल्या पहाटे, आपण पांघरुणात असतो तेव्हा, त्या आया तान्ह्यांना घेऊन फडाकडे निघालेल्या असतात.

मुलांनी शिवलेल्या अकरा कुंच्या आम्ही एका पडावावर घेऊन गेलो. खरे सांगायचे तर मनात थोडा अभिमान होता. तिथल्या एका आईने कुंची हातात घेतली, उलटली आणि मानेच्या पट्टीवरून अंगठा फिरवला. एका जागी अंगठा थांबला. तिथे दोऱ्याची गाठ आत राहिली होती, नेमकी बाळाच्या मानेवर येणार अशी. तिने आमच्याकडून सुई मागून घेतली, तो भाग उसवला, गाठ दोन कापडांच्या मध्ये लपवली आणि पुन्हा शिवला. तिचे टाके आमच्यापेक्षा बारीक होते. मग तिने आपल्या झोपडीतली गोधडी दाखवली. जुन्या साड्यांचे थर, काठाकडून मध्याकडे येत गेलेला धावदोरा, एकही ओळ वाकडी नाही.

आमच्या मुली तिच्याभोवती बसल्या. अर्धा तास ती शिकवत होती आणि आम्ही, म्हणजे शिक्षकसुद्धा, शिकत होतो. उरलेल्या दहाही कुंच्या आम्ही तिथेच बसून उलटून तपासल्या. तीनांत गाठी सापडल्या. परतताना एक मुलगी म्हणाली, "आपण द्यायला गेलो होतो ना?" त्यावर आम्ही काही बोललो नाही. तिला उत्तर मिळालेलेच होते.

पालकांना आणि विश्वस्तांना

काही मुलांनी सुरुवातीला शिवण हे मुलींचे काम म्हणून नाक मुरडले. त्यांना आम्ही विचारले, संत नामदेवांच्या घरचा व्यवसाय कोणता? शिंप्याचा. ज्या सुईदोऱ्याच्या घरातून वारकऱ्यांना एवढा मोठा संत मिळाला, ती सुई हातात धरायला लाज कसली? आता आठवीतला एक मुलगा वर्गातली सर्वांत सुबक उलटटीप घालतो, आणि त्याच्या शर्टाची बटणे आई लावत नाही.

आपल्या गावालाही सूत आणि सुई परकी नाही. फेब्रुवारी १९२२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने असहकार थांबवून विधायक कामाचा जो ठराव केला तो बारडोलीतच, आणि त्यात चरखा व खादी यांचा प्रसार होता. पुढे १९२८ च्या सत्याग्रहाने गावाचे नाव देशभर झाले. स्वराज आश्रमात गेलात तर मुलांना सांगा की हाताने केलेल्या कामाला इथे एकेकाळी देशकार्य मानत.

दुकानातली कुंची स्वस्त आहे, दिसायला छान आहे, आणि ती आणण्यात काही वावगे नाही. आमचे म्हणणे इतकेच, की शिवता येत असताना विकत आणणे वेगळे आणि शिवताच येत नाही म्हणून विकत आणणे वेगळे. ज्यांना हे काम येते अशा आज्या आपल्या समाजात अजून आहेत. त्यांची नजर मंदावते आहे, नेढे दिसत नाही, पण बोटांना सगळे पाठ आहे. ध्रुवाकडच्या लोकांनाही ही काळजी पडली, म्हणून आज नुनावुतमध्ये कातडी शिवण्याचे शिक्षण महाविद्यालयातून दिले जाते. आपल्याला महाविद्यालय नको. दर शनिवारी दोन तास, उजेडाची एक खोली, चार सतरंज्या आणि आठवड्याला एक आजी पुरे.

विश्वस्तांना विनंती, की पुढच्या वर्षाच्या वेळापत्रकात हे दोन तास कायमचे धरावेत. पालकांना विनंती, की घरातली जुनी कुंची, झबले, दुपटे असेल तर एक दिवसासाठी शाळेत पाठवावे. पाहून, माप घेऊन परत करू. आणि आजींना नेण्या-आणण्याची जबाबदारी आमची. त्यांनी फक्त चष्मा बरोबर आणावा, सुई मुले ओवून देतील.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी शेवटचे एक काम. वर्ग सुटताना सुया मोजायच्या. जितक्या दिल्या तितक्या परत आल्याशिवाय कोणी उठायचे नाही. आणि शिवलेली प्रत्येक वस्तू उलटून, आतून अंगठा फिरवून पाहायची. बाहेरची बाजू पाहुण्यांसाठी असते, आतली बाळासाठी.